धूळ खात पडलेली गाडी

आमची गाडी मूळची मेकअप व्हॅन होती. नायगावच्या बाजूला मालिकांचं चित्रीकरण चालतं. तिथे नटनट्यांना बसायला, तयार व्हायला अशा गाड्या उभ्या असतात. नवरा अनेक वर्षं त्या चालवत होता. त्यातली सर्वांत जुनी आणि लहान गाडी मालकाने विकायला काढली, तेव्हा ती त्याने घेतली. निवृत्तीनंतर कोकण किनाऱ्याने फिरायचं आणि गाडीतच मुक्काम करायचा, असा बेत होता. आत एक अरुंद पलंग, एक बेसिन आणि भिंतभर आरसा होता. आरशाभोवतीचे बहुतेक बल्ब गेलेले होते. नवऱ्याने शेगडीपुरता ओटा बांधला, पलंगाखाली कप्पे केले, मागच्या दाराला आतून कडी लावली. फिरणं एकदाच झालं, गुहागरपर्यंत.

त्यानंतर आचोळ्याची आमची इमारत रिकामी करण्यात आली. बांधकाम अनधिकृत होतं, हे आम्हाला बाकीच्या रहिवाशांबरोबरच कळलं. मी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर उपसंपादक होते. अशा कारवायांच्या बातम्या मीच कापून-जोडून पानात बसवत असे. आमच्या इमारतीवर कारवाई झाली तोवर ती आवृत्ती बंद पडली होती आणि नोकरीही गेली होती. इमारतीची बातमी मी दुसऱ्या पेपरात वाचली. ती बरोबर होती.

आम्हाला मूल नाही. नवऱ्याच्या पुतण्याकडे काही दिवस काढले. त्याच्या घरात दोनच खोल्या होत्या. एका सकाळी नवरा म्हणाला, "घर आहे की आपल्याला. चाकांवर आहे, एवढंच." त्याच दुपारी आम्ही सामान गाडीत भरलं.

हे घर जाऊ शकतं, हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गाडीच्या नोंदणीची मुदत संपली होती. नूतनीकरणासाठी गाडी तपासणीत पास व्हावी लागते आणि ही होणार नव्हती, कारण खालचा पत्रा गंजला होता आणि इंजिन धूर सोडत होतं. रस्त्यावर कोणी अडवून कागद मागितले, किंवा गाडी उचलून नेली, तर ती परत मिळणार नव्हती. म्हणून गाडी कमीत कमी हलवायची आणि कोणाच्या डोळ्यांवर येईल अशी उभी करायची नाही, असं ठरलं.

पहिले महिने आम्ही वसई पश्चिमेला एका वाडीत होतो. वाडी एका निवृत्त शिक्षिकेची होती. ख्रिस्ती घर, मागे केळी, कडेला मोगरा. बाई आमच्या पानाला पत्रं लिहीत, तेवढ्या ओळखीवर त्यांनी चिकूच्या झाडाखाली जागा दिली. आमच्याशी त्या शाळेतल्या मराठीत बोलत आणि भावाशी त्यांच्या घरच्या बोलीत. ती मला निम्मीच समजे. भाडं त्यांनी घेतलं नाही. सकाळी नवरा केळीला पाणी सोडायला मदत करी. त्या वेळी त्याचा पाय चांगला होता.

उपवासकाळात लग्नं लागत नाहीत, तोवर वाडी मोकळी होती. ईस्टर झाल्यावर भाच्याचं लग्न निघालं. मांडव चिकूपासून विहिरीपर्यंत घालायचा होता. बाईंना ते सांगताना अवघड झालं. त्या गाडीपाशी आल्या, आधी नवऱ्याच्या तब्येतीची चौकशी केली, मग हवेची, मग म्हणाल्या, "मांडव निघाला की या परत. जागा कुठे जात नाही."

लग्नानंतर त्या जागेवर भाच्याच्या खोल्यांचा पाया खणला गेला. बाईंनी फोन करून सांगितलं, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून कळण्याची वेळ त्यांनी आमच्यावर आणली नाही. आम्ही तेव्हा चिंचोटीला होतो.

चिंचोटीला धबधब्याच्या वाटेवर, झाडांखाली, उन्हाळ्यात कोणी फिरकत नाही. पाऊस सुरू झाल्यावर गर्दी येते. बंदी असली तरी येते. गाडी दिसली की लोक काच वाजवत.

"काका, चहा आहे?"

"नाही."

"वडापाव?"

"हे दुकान नाही."

"मग गाडीत आहे काय?"

"बायको," नवरा म्हणाला.

पोरं इतकी हसली, की पुढच्या घोळक्याला थांबवून त्यांनी ते सांगितलं. मग तो घोळकाही काच वाजवायला आला. एका मुलीने मला विचारलं, "मावशी, कपडे बदलायचे किती?" तिची मैत्रीण आरशात बघून केस विंचरायला लागलीसुद्धा. मी दोघींना बदलू दिलं. त्या गेल्यावर पलंगाची चादर चिंब झाली होती. वाळत घालायला कोरडी जागा नव्हती.

गावातला एक माणूस रोज संध्याकाळी येऊन गाडीभोवती फेरी मारी. एकदा तो म्हणाला, "आज गाडी. उद्या गाडीला पडवी. परवा रेशनकार्ड. आम्ही बघितलंय हे सगळं."

"आमचं रेशनकार्ड आहे," नवरा म्हणाला.

"तेच तर म्हणतोय."

एका आठवड्यात पाऊस सलग पडला. वाटेवरचा चिखल उडून गाडीच्या काचा बरबटल्या, टपावर पानांचा थर साचला. नवऱ्याच्या तळव्याला जखम झाली होती. त्याला मधुमेह आहे. त्यामुळे गाडी धुवायला कोणी उतरलं नाही. त्या आठवड्यात एकदाही काच वाजली नाही. गावातला माणूसही लांबून निघून गेला. लोक येत-जात होते, त्यांना गाडी दिसत नव्हती.

नवऱ्यानेच ते बोलून दाखवलं. "स्वच्छ गाडी माणसांची वाटते. घाण गाडी कोणाचीच वाटत नाही." पुढे काय करायचं, ते त्या संध्याकाळी ठरलं.

आम्ही चंदनसारला आलो. तिथे अर्धवट राहिलेल्या एका बांधकामाची लांब भिंत होती आणि भिंतीला लागून मेलेल्या गाड्यांची रांग. चाकं काढलेली रिक्षा, जळालेला टेम्पो, शाळेची पिवळी गाडी. रांगेत शाळेच्या गाडीनंतर एक जागा होती. पहाटे गाडी तिथे लावली.

त्यानंतर गाडी पुसली नाही. समोरच्या आणि बाजूच्या काचांना आतून काळं कापड शिवून लावलं. कपडे आतच वाळत. फोडणी बंद केली, कारण तिचा वास आणि आवाज दोन्ही बाहेर जातात. वरण-भात, उकडलेले बटाटे, पाव, असं चाललं. ये-जा फक्त मागच्या दाराने, भिंतीच्या बाजूने, रस्ता मोकळा असताना. गाडीपाशी उभं राहायचं नाही. तिच्याकडे वळून बघायचं नाही. काच किंवा दार वाजलं तर ओ द्यायची नाही, मग कोणीही असो. मी आले की मागच्या दारावर एकदा टकटक करी, थांबून आणखी दोनदा. त्यालाच कडी निघे.

मी दिवसा विरारच्या एका वाचनालयात बसे. मला पाठ्यपुस्तकांच्या मुद्रितशोधनाचं काम मिळत होतं आणि तिथे पंखा होता. नवरा आत पडून असे. एक दिवसाआड दवाखान्यात पट्टी बदलायला आम्ही दोघं रिक्षाने जात असू.

आमचं गुपित एकालाच माहीत होतं. रांगेसमोर पंक्चर काढणाऱ्याचं दुकान होतं. पिण्याच्या पाण्याचा कॅन तो स्वतःच्या नावावर मागवी आणि अंधार पडला की मागच्या दाराशी ठेवी. त्याला या प्रकाराची मजा वाटे. तो नवऱ्याला म्हणायचा, "काका, पूर्ण लाइनीत तुमची गाडी सगळ्यात मेलेली दिसते. एक नंबर." एकदा त्याने एक फाटका टायर आमच्या टपावर टाकला. "माझ्याकडून गिफ्ट."

चाकांवरून मात्र दोघांचं वाजलं.

"काका, बाकी सगळं परफेक्ट आहे. टायर टाइट आहेत. बघणाऱ्याला डाउट येतो."

"हवा काढायची नाही."

"एकाच चाकाची. रोडच्या साइडची. तुम्हाला निघायचं असेल तर मी भरून देतो ना, दोन मिनिटांचं काम."

"गाडी उभी आहे. मेलेली नाही."

"अहो, ते तुम्हाला माहीत. लोकांना कशाला सांगता?"

नवरा दोन दिवस त्याच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पट्टी करून आल्यावर त्याने स्वतः वाकून रस्त्याकडच्या पुढच्या चाकाची हवा सोडली. गाडी त्या कोपऱ्यात थोडी कलली. तेव्हापासून पलंगावर झोपलं की आपण हळूहळू एका बाजूला घसरतो आहोत असं वाटे. ओट्यावर भात शिजताना पाणी भांड्याच्या एका कडेला येई.

त्या रांगेत उरलेला पावसाळा, हिवाळा आणि पुढचा उन्हाळा गेला. पत्रा तापला की आत बसवत नसे, तरी नवरा बसे. त्याला बोलायला कोणी नव्हतं. मी आल्यावर तो दिवसभरात ऐकलेलं सांगे. रिक्षावाल्यांची भांडणं, पंक्चरवाल्याचे फोन, शाळेच्या गाडीमागे लघवीला येणारी माणसं. चेहरा कोणाचाच त्याने पाहिलेला नसे. आरशापुढे तो बसत नसे. दाढीही तो पाठमोरा बसून, हाताने चाचपून करी.

वर्तमानपत्रात एक वाक्य आम्ही वर्षानुवर्षं छापलं: रस्त्याच्या कडेला धूळ खात पडलेली बेवारस वाहने. पालिकेची मोहीम निघाली की ते वाक्य यायचं. मोहिमेतली माणसं काय शोधतात, ते त्यात लिहिलेलंच आहे. ती धूळ शोधतात. आम्ही ती जमवत होतो, कारण आम्हाला हाकलणाऱ्यांची भीती होती. उचलणाऱ्यांचा विचार आम्ही कमी केला. त्या रांगेत कोणी कधी काही उचललं नव्हतं.

मोहीम निघाली तेव्हा माणसं आली आणि रांगेतल्या प्रत्येक गाडीच्या समोरच्या काचेवर नोटीस चिकटवून गेली. मालकाने अमुक मुदतीत वाहन हटवावे, अन्यथा जप्त करण्यात येईल. आमच्याही काचेवर ती लागली. आम्हाला ती दिसली नाही. आतून काळं कापड होतं. बाहेरून आम्ही पुढच्या बाजूला जात नव्हतो आणि गाडीकडे बघत नव्हतो. नोटीस चिकटवताना काच वाजली असणार. नवऱ्याला आठवत नाही. काच वाजणं नवं नव्हतं आणि ओ द्यायची नव्हती.

पंक्चरवाल्याने मात्र ती रोज पाहिली.

वाचनालयात दुपारी त्याचा फोन आला. "मॅडम, तुमची गाडी क्रेनने उचलली. काका तुमच्याबरोबर आहेत ना?"

मी म्हटलं, "नाहीत."

तो म्हणाला, "मी समजलो आज पट्टीचा दिवस आहे. म्हणून मी क्रेनवाल्यांना काही बोललो नाही. बोललो असतो तर तुमचं सगळं उघडं पडलं असतं."

"नोटीस लावली नव्हती?"

"होती ना. आठ-दहा दिवस झाले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मॅडम, मला वाटलं तुम्हीच लावली. बाकीच्या गाड्यांना लागली, म्हणून तुम्हीपण झेरॉक्स काढून लावली. मॅचिंग. मी तर काकांना मानलं."

तो खरं बोलत होता. त्याच्या जागी मलाही तसंच वाटलं असतं.

नवऱ्याचा फोन बंद होता. दिवसा तो बंदच असे. मी रिक्षा केली. जप्त वाहनांचं मैदान गावाबाहेर होतं, भोवती पत्र्याचं कुंपण. फाटकावरचा पहारेकरी उतारवयाचा होता. तो खाडीकडच्या मिठागरांच्या गावातला असावा, बोलण्यावरून तसं वाटलं. गाडी आज आणली का, विचारलं. त्याने हात केला. "त्या तिथं हाय. पन आत कोन नाय बाय. आमी ठोकून बघितलं ना. सगल्या बाजूनी ठोकलं."

गाडी चाकं नसलेल्या एका बसशेजारी उभी होती. टपावरचा टायर तसाच होता. समोरच्या काचेवरची नोटीस मी तेव्हा प्रथम वाचली. मग मागे जाऊन एकदा टकटक केली, थांबून दोनदा.

कडी निघाली. नवरा खाली, पलंग आणि ओटा यांच्या मधल्या जागेत बसला होता. गॅसची छोटी टाकी त्याने दोन पायांत धरली होती. पट्टीतून रक्त आलं होतं. आरसा मधोमध तडकला होता.

"किती वेळ लावलास," तो म्हणाला.

पहारेकरी माझ्या मागे येऊन उभा राहिला होता. "आयला," तो म्हणाला. "अहो, तुमी जित्ते हाय तर बोलायचं ना! आमी किती ठोकलं!"

नवरा मला म्हणाला, "उचलताना वाटलं, बाजूला सरकवतायत. मग पुढे चालायलाच लागली."

"तेव्हा ओरडायचं."

"ओरडलो असतो तर कळलं असतं, कोणी राहतं ते."

"मग काय झालं असतं?"

"उठवलं असतं," तो म्हणाला. थोड्या वेळाने त्यालाही ते ऐकू आलं असावं. त्याने टाकी सोडली.

मैदानाच्या कोपऱ्यात एका खोलीत कारकून होता. तो उद्धट नव्हता. त्याने कागद मागितले. आम्ही होते ते दिले. मुदत संपल्याची तारीख त्याने बोट ठेवून दाखवली. मग मोबाईलवर पंचनाम्याचा फोटो दाखवला. धुळीने पांढरी पडलेली गाडी, बसलेलं चाक, टपावर फाटका टायर.

"हे वापरातलं वाहन आहे म्हणता?"

"घर आहे," नवरा म्हणाला.

कारकुनाने फोटो पुन्हा पाहिला. "काका, तुम्ही आज सांगताय. नोटीस लागल्यावर एक माणूस आला असता, तरी मी थांबवली असती. एकसुद्धा आला नाही." सामान उद्यापर्यंत काढून घ्या, गाडी इथून भंगारात जाईल, असं सांगून तो जेवायला गेला.

नवरा खोलीबाहेर बाकावर बसला. मग त्याने पहारेकऱ्याला विचारलं, "पाणी मिळेल?"

"प्यायला?"

"बादलीभर."

"पानी हाय टाकीला. पन कशाला?"

पाय भिजवायचा नव्हता म्हणून गाडी मी धुतली. तो स्टुलावर बसून सांगत होता. वरून खाली घे. कोपऱ्यात फडकं पिळून घाल. टपावरचा टायर पहारेकऱ्याने बांबूने ओढून पाडला. पहिल्या बादलीने चिखलच पसरला. तिसऱ्या बादलीनंतर मूळ रंग दिसायला लागला. सायीचा रंग आणि मधून निळा पट्टा. तो पट्टा मी विसरले होते. काचेवरची नोटीस भिजून निघाली, तिच्या गोंदाचा चौकोन राहिला.

कारकून जेवून आला. गाडीपाशी थांबला, पट्ट्यावरून बोट फिरवलं. आपण आता नवा फोटो काढायला सांगावा, असं नवऱ्याच्या मनात आलं असावं, कारण तो स्टुलावरून उठला. कारकून म्हणाला, "चांगली ठेवली असती तर," आणि वाक्य न संपवता आत गेला. नवरा परत बसला.

सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. पंक्चरवाला ते उचलायला आला होता. तो नवऱ्याच्या नजरेला नजर देत नव्हता. निघताना त्याने विचारलं, "काका, त्या चाकात हवा भरू का? पंप आणलाय."

"आता कशाला?"

"असंच."

"भर," नवरा म्हणाला.

त्याने ती भरली. गाडी त्या कोपऱ्यात वर आली आणि सरळ उभी राहिली. मग आम्ही निघालो.

आता आम्ही चंदनसारलाच भाड्याच्या एका खोलीत राहतो. जुन्या रांगेपासून ती लांब नाही. रांग आता नाही, भिंतीलगत भाजीच्या गाड्या लागतात. नवऱ्याच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. दिवसा तो एकटा असतो. मी परत येते तेव्हा बऱ्याचदा दारात कागदाची चिठ्ठी अडकवलेली असते. गॅसवाला येऊन गेला, दार उघडलं नाही. वीज मीटरचा माणूस येऊन गेला. शेजारणीने एकदा जिन्यात थांबवून विचारलं, "काकी, काकांना ऐकायला कमी येतं का हो? मी डाळ द्यायला आले होते. किती वेळ दार वाजवलं."

मी तिला हो म्हटलं.

दाराला बेल आहे. ती मी वापरत नाही. एकदा टकटक करते, थांबते, आणखी दोनदा करते. आतून कडी निघते.